शिदोरी कोणासाठी बांधायची?

सहलीला काय न्यायचे, हा प्रश्न एरवी स्वयंपाकघरात सुटतो. तो व्याख्यानाला घेतला म्हणून आमच्या काही मित्रांना हसू आले. हसा, पण ऐकून घ्या. कारण या प्रश्नाला आपल्या भागात फार जुनी उत्तरे आहेत आणि सगळीच काही गोड नाहीत.

सुरुवात रामटेकपासून करू. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, असे डॉ. वा. वि. मिराशींनी साधार मांडले. त्या काव्यात कैलासाकडे निघालेले राजहंस कमळाच्या कोवळ्या देठांचे तुकडे वाटेसाठी सोबत घेतात. संस्कृतात याला पाथेय म्हणतात, आपण शिदोरी म्हणतो. हलकी, न सांडणारी, उडता उडता खाता येणारी. आजच्या कुठल्याही गृहिणीने पसंत करावी अशीच निवड आहे ही!

माणसांचे मात्र एवढे सोपे नव्हते. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या करायच्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची. का, असे विचारले तर उत्तर मिळायचे, मऊ राहतात, दोन दिवस टिकतात. खरेच आहे ते. पण अर्धेच खरे आहे, बरं का. पाण्यात शिजलेले किंवा भिजवून केलेले अन्न खरकटे. त्याला लगेच विटाळ व्हायचा. दुधातले, तळलेले, भाजलेले अन्न त्यामानाने निर्धास्त. बैलगाडीत, धर्मशाळेत, आणि 1867 साली नागपूरला आगगाडी आल्यावर तिच्या डब्यात, शेजारी कोण बसेल याचा नेम नाही. म्हणून दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, चिवडा. म्हणजे काय, तर आपल्या सहलीच्या डब्यातले निम्मे पदार्थ आंबू नयेत म्हणून जसे ठरले, तसेच कोणी शिवू नये म्हणूनही ठरले. चव उत्तम, यात वाद नाही. आम्हीही आवडीने खातो. पण त्या चवीमागची भीती आपण विसरलो, हे काही फार चांगले झाले असे आम्हाला वाटत नाही.

पोहे कोरडे असताना कोणाचेही चालायचे, भिजवले की प्रश्न उभा. संत्र्याचे बघा, निसर्गानेच त्याला डबा दिलेला. फळाला विटाळ नाही, असा सोयीचा नियम होता. त्यामुळे ज्या हातची भाकरी चालत नसे, त्या हातचे संत्रे चालायचे. आम्ही तर्कशास्त्र शिकवायचो, तेव्हा विसंगतीचे उदाहरण म्हणून हेच द्यायचो.

आता दुसरी बाजू. भागवताच्या दशमस्कंधात कृष्ण आणि गोपाळ यमुनेच्या काठी जेवायला बसतात. वनभोजनाचे इतके जिवंत वर्णन दुसरे आम्हाला ठाऊक नाही. ताटे नाहीत, कोणी पानावर घेतो, कोणी फुलांवर, कोणी दगडावर, कोणी शिंक्यातच. कृष्णाच्या डाव्या हातात दहीभाताचा घास आहे. तिथे प्रत्येक जण आपापल्या अन्नाची चव वेगवेगळी दाखवतो. हा 'वेगवेगळी' शब्द लक्षात ठेवा, कारण ही कथा मराठीत आली आणि त्या ठिकाणी बदलली. आपल्याकडे गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या जातात आणि एकत्र कालवल्या जातात. पोहे, लाह्या, दही, लोणचे, मिरची, कोणाची शिळी भाकरी, सगळे एकत्र. तोच काला. नामदेवांपासून संतांनी त्यावर अभंग रचले. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरी काला होतो, आणि काल्याच्या कीर्तनाशिवाय सप्ताह संपत नाही. उष्टे देवानेही खाल्ले, हे कीर्तनकार किती रंगवून सांगतात! स्वर्गातले देव त्या उष्ट्यासाठी मासे होऊन यमुनेत आले, अशी कथा आहे.

एकदा कालवल्यावर कोणाचे काय, हे निवडता येत नाही. वैशेषिक दर्शनात पदार्थ सात. त्यात द्रव्य आहे, तसा समवाय नावाचा अतूट संबंधही पदार्थच मानला आहे. स्वयंपाकघरातल्या पदार्थांत मात्र संबंध धरायची आपली तयारी नव्हती. ज्या पंढरीजवळ हा काला व्हायचा, तिथल्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना जायला 1947 साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सहा शतके गाणे एक आणि पंगत दुसरी.

गाडगेबाबा आपल्या अमरावतीकडचे. त्यांनी हा पेच स्वतःपुरता एका झटक्यात सोडवला. सोबत खराटा आणि एक फुटके गाडगे, त्यात कोणीही घातलेली चटणी-भाकर. घरून काही बांधून न्यायचे नाही, आणि कोणाचे काही नाकारायचेही नाही. इतिहासात याहून छोटी शिदोरी आम्हाला सापडली नाही.

आणि 14 ऑक्टोबर 1956. डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसे आली. खेड्यापाड्यांतून, कित्येक पायी, फडक्यात भाकरी बांधून. या भाकरीला सोवळे-ओवळे नव्हते. तिच्यावर गावात अनेक बंधने होती, इथे ती मोकळ्या मैदानात सोडली गेली. आज त्या दिवशी दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात आणि तुम्ही कोण, असे न विचारता हातात पत्रावळ येते. आमच्या मते नागपूरच्या शिदोरीचा इतिहास लिहायचा तर त्या फडक्यातल्या भाकरीचे पान त्यात मोठे असायला हवे.

आताच्या सहलींकडे बघतो तेव्हा जरा काळजी वाटते. अंबाझरीला, फुटाळ्याला, सेमिनरी हिल्सला मंडळी येतात, आणि सतरंजी एक असली तरी डबे वेगळे. कोणाचे पथ्य, कोणाचा उपास, कोणाचे शाकाहाराचे व्रत. त्यात गैर काही नाही, पथ्य पाळावेच. पण 'तुमच्याकडे काय केलं असेल कोण जाणे' ही कुजबुज ऐकू आली की दशमीचे ते जुने दूध आठवते.

म्हणून आम्हाला विचाराल तर रोडग्यांची सहल करा. तिला शिजवलेले काही न्यायचेच नाही. जाडसर कणीक, तूरडाळ, वांगी, हिरव्या मिरच्या, सांबार, तुपाची बरणी आणि पोतेभर गोवऱ्या. कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात खुपसायचे आणि दीड-दोन तास गप्पा मारायच्या. घरी केलेले असे काही नसतेच, त्यामुळे कोणाच्या घरचे, हा प्रश्नही उद्भवत नाही. एक वांगी चिरतो, एक राख झटकतो, एक नुसताच सल्ले देतो. रोडगा हाताने फोडून त्यात तूप सोडायचे, वरून वरण.

आणि मीठ आठवणीने घ्या. अभाव हाही पदार्थच आहे, पण तो खाता येत नाही.