दयेचा दाखला

१८३२ सालच्या जून महिन्याची ६ तारीख. मुंबईच्या कोटात सरकारचे दोन शिपाई बेवारशी कुत्री मारीत फिरत होते. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात ह्या भयाने कंपनी सरकारने दरसाल ठरावीक दिवसांत कुत्री मारण्याचा हुकूम काढलेला होता. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत लांबविली होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. त्या काळचे आठ आणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना सांगायला नको. इतक्या मोलाच्या कामात कोणते कुत्रे रस्त्यावरचे आणि कोणते कुणाच्या ओटीवरचे, ह्याची चौकशी करीत बसायला कोणत्या शिपायाला सवड होणार?

तो दिवस पारशी लोकांच्या सणाचा होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची दृष्टी पडणे हा त्यांच्या अंत्यविधीचाच एक भाग आहे. जमाव जमला, शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी सारा बाजार बंद. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले. गोऱ्या पलटणीकडे जाणारे पाव आणि मांस वाटेत अडविले गेले. अखेर फौज बोलावून, धरपकड करून सरकारने शहर शांत केले. एवढी मोठी दंगल मुंबईने त्या वेळी पाहिली ती कुत्र्यांपायी!

दिवाळीच्या अंकात, चिवड्या-चकलीच्या ताटाशेजारी, मी हा मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. कायद्याचे पुस्तक हे काही आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराचे वाचन नव्हे, आणि कादंबरीकाराचे तर नव्हेच. पण गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवसांत मी एका प्रश्नाच्या मागे लागलो आहे. दुखण्याने तळमळणाऱ्या मुक्या जनावराला सुखाने मरू द्यायचे, तर ते ठरवायचे कुणी? आठ आणेवाल्या शिपायापासून निघालेला हा प्रश्न आज कुठवर आला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा ह्यांनी मुंबईत पांजरपोळ उभी केली. भुलेश्वरच्या गजबजाटात ती अजून आहे. सरकार ज्यांना मारू पाहते त्यांना आम्ही पोसू, असा तो सरळ जबाब होता. मारण्याच्या हुकुमाला लोकांनी दगडाने उत्तर दिले ते एक, आणि गवताच्या पेंढीने दिले ते दुसरे. दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. मात्र पांजरपोळीच्या कल्पनेत एक अडचण पहिल्यापासून होती. तिथे आलेल्या जनावराला जीवदान आहे. पण ज्याच्या जगण्यात आता वेदनेखेरीज काही उरले नाही, त्याला देण्यासारखे तिथे काय? धर्म सांगतो, घात करू नका. मग पाय मोडलेला, जखमेत किडे पडलेला बैल चार-सहा दिवस ओरडत मरतो, आणि सारे जण हात जोडून बाजूला उभे राहतात.

विलायतेत नेमकी उलटी तऱ्हा झाली. लंडनमध्ये मेरी टील्बी ह्या बाईंनी १८६० साली हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयगृह काढले. पुढे १८७१ मध्ये ते बॅटर्सी भागात हलले. कुत्री येत गेली, जागा पुरेना. १८८४ साली बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन नावाच्या डॉक्टरांनी तिथे एक बंद कोठडी बांधून दिली. क्लोरोफॉर्म आणि कार्बोनिक ॲसिड वायू सोडून तीत एका वेळी पुष्कळ कुत्री झोपेतल्यासारखी मारता येत. वेदना नाही, आरडाओरड नाही. त्या कोठडीला त्यांनी ‘लीथल चेंबर’ हे नाव दिले. ह्यात दया होती, नाही असे नाही. पण त्या कोठडीत जाणारी सगळीच कुत्री दुखणाईत नव्हती. बरीचशी केवळ नकोशी होती. पांजरपोळीला मारणे जमले नाही आणि बॅटर्सीला न मारणे जमले नाही.

आता वसुबारसेकडे वळतो. दिवाळीचा पहिला दिवा आपण गाय-वासरापुढे लावतो. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमातले असेच एक वासरू अंथरुणाला खिळले. दुखण्याला उपाय नाही असे पशुवैद्याने सांगितले. कुशीवर वळवले तरी त्याला सोसेना. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी विचार केला. जो जीव आपल्याला निर्माण करता येत नाही तो घेण्याचाही आपल्याला अधिकार नाही, असे एका स्नेह्याने बजावले. गांधीजींनी ते ऐकून घेतले, आणि तरीही डॉक्टरला बोलावून, स्वतः समोर उभे राहून, वासराला विषाची सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारे आटोपले.

दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, अंबालाल साराभाईंनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारविली तेव्हा गांधीजींनी त्यांची बाजू घेतली, आणि अहमदाबादेतून त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. वासराच्या वेळी तो पुन्हा पडला. ज्या माणसाने अहिंसा हे सगळ्या देशाचे हत्यार केले, त्याने गाईचे वासरू मारविले! तुमचे मूल असेच तळमळत असते तर काय केले असते, असाही सवाल झाला. तेही त्यांनी टाळले नाही. दुसरा काही इलाजच नसता तर मुलाच्या बाबतीतही तेच कर्तव्य ठरले असते, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले.

पुढे ह्याच वादात त्यांनी चार अटी मांडल्या. दुखणे असाध्य असले पाहिजे. संबंधित सगळ्यांनी आशा सोडलेली असली पाहिजे. कोणतीही सेवा वा मदत उपयोगी पडण्यासारखी उरलेली नसावी. आणि त्या जिवाला स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे. ह्यांतली एक अट जरी अपुरी राहिली तरी तो वध अहिंसेत बसत नाही. बॅरिस्टर माणसाने लिहिलेली ही कलमेच आहेत म्हणा ना. विशेषतः तिसरी अट मला थबकायला लावते. हा जीव असाध्य आहे असे म्हणणे सोपे. पण आपण त्याची सेवा केली आणि ती संपली, असे म्हणण्यासाठी आधी सेवा करावी लागते.

स्वराज्य आल्यावर रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खाजगी विधेयक आणले. सरकारच पुरा कायदा करील ह्या पंडित नेहरूंच्या आश्वासनावर ते त्यांनी मागे घेतले, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १८९० चा जुना इंग्रजी कायदा त्याने मागे टाकला. त्यातले तेरावे कलम मी दोनदा-तीनदा वाचले. रस्त्यावर एखादे जनावर इतके जखमी पडले आहे की हलवले तरी हाल होतील, आणि त्याचा धनी जागेवर नाही किंवा ऐकत नाही, अशा वेळी काय करायचे ते त्यात आहे. पोलीस शिपाई हे ठरवू शकत नाही. शिपायाच्या वरच्या दर्जाचा अंमलदार हवा. त्यालाही एकट्याला अधिकार नाही. त्याने त्या भागाच्या सरकारी पशुवैद्यकाला बोलवायचे. ह्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, असा दाखला पशुवैद्यकाने द्यायचा. मग मॅजिस्ट्रेटचा हुकूम घ्यायचा, आणि तेव्हा कुठे मरण.

कुणी म्हणेल, तोवर बिचारे जनावर आपणहून मरेल. मरतेही पुष्कळदा. सरकारी कागद कासवाच्या पाठीवरून येतो हे शिक्षकाला कुणी शिकवू नये. आमचे पगारही त्याच वाहनाने येत आले आहेत. तरीही १८३२ चा तो शिपाई आठवून पाहा. त्याच्या हाती काठी होती, समोर आठ आणे होते, आणि विचारणारे कुणी नव्हते. सव्वाशे वर्षांनी कायद्याने त्या काठीच्या आणि कुत्र्याच्या मध्ये एक अंमलदार, एक डॉक्टर आणि एक न्यायाधीश उभा केला. ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

त्याच कायद्यात बॅटर्सीची कोठडीही शिरली. भटकी कुत्री ‘लीथल चेंबर’मध्ये मारणे हा छळ समजू नये, असे अकराव्या कलमात लिहिलेले आहे. मुंबईत महापालिका १९९४ पर्यंत कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारीत असे. त्यानंतर नसबंदीचा मार्ग आला, आणि २००१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम काढले. कोर्टकचेऱ्या मग पुष्कळ झाल्या. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने बहुमताने, उपद्रवी कुत्री मारता येतील, असा निर्णय दिला आणि २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या गुंत्यात मी शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते २००१ च्या नियमांतल्या नवव्या नियमाविषयी. असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी, एवढ्याच कुत्र्यांना दयामरण द्यायचे. निदान नेमलेल्या पशुवैद्यकाने करायचे. सोडियम पेंटोथालची सुई द्यायची. पिलांसाठी रीत निराळी. हे झाले औषधाचे. पण पुढे दोन साधी वाक्ये आहेत. एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यादेखत मारू नये. आणि ते खरोखर मेले आहे ह्याची खात्री करून घेतल्यावाचून त्याची विल्हेवाट लावू नये.

दुसरे वाक्य वाचून अंगावर काटा येतो, कारण जे घडत नाही त्याची मनाई कुणी करीत नाही. पहिल्या वाक्याचा अर्थ मला आमच्या शाळेमागच्या रस्त्यावर कळला. एका ट्रकखाली आलेली कुत्री गटाराच्या कडेला पडली होती. मागचा भाग पार चिरडलेला. मुलांना वर्गात कोंडून मी आणि आमचे शिपाई रामभाऊ तिथे उभे राहिलो. गावाबाहेर एक लहानसे आश्रयस्थान आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई दोन तासांनी आल्या. तपासून त्यांनी मान हलवली. कुत्रीपासून हातभर अंतरावर तिच्यासारखेच पिवळे एक तरणे कुत्रे बसले होते. पोर असावे तिचे. बाईंनी सुई भरली नाही. त्या म्हणाल्या, “मास्तर, आधी त्याला भिंतीपलीकडे घेऊन जा.”

मी म्हटले, “बाई, त्याला काय कळतंय?”

“कळत असेल तर?” एवढेच बोलून त्या थांबून राहिल्या. रामभाऊंनी खिशातली चपाती दाखवीत त्याला शाळेच्या भिंतीआड नेले. मगच बाईंनी काम केले. झाल्यावर छातीला नळी लावून त्या किती तरी वेळ ऐकत बसल्या. डोळ्याला हलकेच बोट लावून पाहिले. पुन्हा नळी लावली. हे दोन्ही नियम आहेत, हे मला नंतर छापील कागदावर दिसले.

त्याच कागदावर एक गोष्ट अशी आहे की जिच्याशी माझे जमत नाही. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याला पकडून एका पशुवैद्यकाने आणि प्राणिकल्याण संस्थेच्या एका प्रतिनिधीने तपासायचे, आणि रोगाचा दाट संभव दिसला तर त्याला वेगळे कोंडून नैसर्गिक मरण येईतो ठेवायचे. मरण साधारण दहा दिवसांत येते, असे नियमातच लिहिले आहे. कारणही दिले आहे. संशयावरून घाईने मारले तर रोग खरोखर किती पसरला आहे हे कळत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण चिरडलेल्या कुत्रीला जी सुई मिळते ती ह्याला नाही. पाणी गिळता न येता, अंधारात, एकट्याने ह्याने मरायचे. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मास्तर, तो पिंजरा मी दिवसातून चार वेळा बघते. तेवढंच माझ्या हातात आहे.”

२०२३ साली नवे नियम आले आणि जुने गेले. तरी असाध्य दुखणे, डॉक्टरचा निर्वाळा आणि दुसऱ्या कुत्र्याची आड नजर, ही चौकट तशीच राहिली. बॅटर्सीला जे कारण पुरत होते, म्हणजे जागा नाही, ते ह्या चौकटीत बसत नाही. निरोगी कुत्रे गर्दी झाली म्हणून मारता येत नाही.

आणि आता गर्दीची वेळ आली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतली भटकी कुत्री उचलून, नसबंदी करून आश्रयस्थानांत ठेवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. शाळेत मुले असतात. चावलेल्या मुलाला घेऊन दवाखान्याच्या रांगेत मी उभा राहिलो आहे, त्यामुळे आदेशाचे कारण मला समजते. आमच्याही कुंपणातले भगदाड मग बुजविले गेले. बाईंच्या आश्रयस्थानात वीस कुत्र्यांची सोय आहे. मी गेलो होतो तेव्हा तिथे सत्तेचाळीस होती. रामभाऊंच्या चपातीमागे गेलेले ते पिवळे कुत्रे त्यांत होते. मागच्या पायाला थोडे लंगडत होते, पण ताटातले सगळे खात होते.