सैनिकी ट्रकावरील रहाट व त्याची खीळ

दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) अमेरिकन सैन्याच्या अडीच-टनी जीएमसी ट्रकांपैकी काहींच्या पुढील भागी १०,००० पौंड ओढीचा विंच असे. संस्कृत ‘अरघट्टा’पासून आलेल्या आपल्या ‘रहाटा’शी त्याचे तत्त्वतः नाते आहे, परंतु येथे बळ एंजिनाचे असल्यामुळे भाराची जाणीव हाताला होत नाही. म्हणून ती यंत्ररचनेतच घातली गेली : एंजिनाकडून विंचकडे गती नेणाऱ्या दांड्यातील खीळ भार मर्यादेबाहेर जाताच तुटे व तारदोर वाचे. तिच्या जागी कठीण पोलादाची खीळ ठोकणे म्हणजे तो भार दोरावर लोटणे होय. आणि तुटलेल्या दोराचा तडाखा प्राणघातक असतो. ओढ कमी पडल्यास कप्पी लावून ती जवळजवळ दुप्पट करणे, हाच योग्य मार्ग. सारांश, खिळीचे दौर्बल्य हा दोष नसून हेतुपुरस्सर राखलेला गुण होय.