पायाच्या स्नायूंची दुखापत आणि माजी सैनिकांची अपंगत्वाची टक्केवारी

मांडीतून गोळी आरपार गेली, जखम भरली, व्रणही पुसट झाला. तरी जिना उतरताना गुडघा अचानक लचकतो. मग "बोर्डाने एवढीच टक्केवारी कशी दिली?" हा प्रश्न पडतोच.

सैन्यात ही टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवते. ती वेदनेची नसते, पायाची किती कार्यक्षमता गेली याची असते. मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मागचे हॅमस्ट्रिंग तो वाकवतात, पोटरीचे स्नायू टाच उचलतात. प्रत्येकाची ताकद 0 ते 5 अशी मोजतात. 3 म्हणजे पाय स्वतःच्या वजनासह उचलता येतो, पण हाताने जरा दाबला की खाली जातो. दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून सारख्या अंतरावर टेपने मोजतात, कारण न वापरलेला स्नायू बारीक होतो. नसेला इजा असेल तर ईएमजी लागते. साध्या एक्स-रेत स्नायू नीट कळत नाही; त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय.

गोम अशी की, टेबलावर झोपवून एकदा तपासले तर ताकद चांगली भरते. तोच पाय अर्धा किलोमीटर चालल्यावर ओढावा लागतो. म्हणून "पाय दुखतो" एवढ्यावर थांबू नका. किती पायऱ्यांनंतर कठड्याचा आधार लागतो, उकिडवे बसून उठता येते का, महिन्यात किती वेळा पडलात, हे सांगा आणि नोंदवून घ्या. (मी तर रुग्णाची जुनी चप्पलही पाहतो. एकाच बाजूने झिजलेली टाच बरेच सांगते.)

नुसत्या टक्केवारीवर पेन्शन मिळत नाही. इजा सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली हे मान्य व्हावे लागते, आणि प्रमाण किमान 20% हवे. म्हणून इंज्युरी रिपोर्ट जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालामुळे मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही 'राउंडिंग ऑफ'चा लाभ खुला झाला. त्यात 50 पेक्षा कमी टक्केवारी 50 धरली जाते. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आहेत, तेव्हा स्वतःच्या निवृत्तीची तारीख आधी पाहा.

सिव्हिल हॉस्पिटलचे यूडीआयडी प्रमाणपत्र वेगळे. तिथे सवलतींसाठी साधारणपणे 40% लागतात आणि ते बोर्डाच्या टक्केवारीऐवजी चालत नाही.

निर्णय मान्य नसेल तर मुदतीत अपील करा, नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. कागदपत्रांसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.