मोटारीचा भोंगा विनाकारण का वाजतो?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. सोसायटीच्या आवारातील एखाद्या मोटारीचा भोंगा अचानक कर्कशपणे वाजू लागतो. घराघरांतले दिवे लागतात, लहान मुले दचकून उठतात आणि मोटारीचा मालक हातात रिमोट घेऊन डोळे चोळत गॅलरीत येतो. खाली चोर तर नसतोच, पण साधे मांजरही नसते. पहिल्या रात्री शेजारी खिडकीतून डोकावून पाहतात; दहाव्या रात्री कोणी उठतही नाही. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला प्रकार येथे घडतो. वैतागलेला मालक अखेर अलार्मची वायर तोडून टाकतो आणि मोटार खऱ्या चोरासाठी मोकळी होते. वस्तुतः हा दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. तो क्रमाने शोधणे एवढेच करावे लागते.

पहारा कसा चालतो?

रिमोटने मोटार लॉक केली की काही सेकंदांत अलार्मचा पहारा सुरू होतो. दारे, डिकी व बॉनेट यांना बसविलेले स्विच, धक्का टिपणारा सेन्सर आणि काही मोटारींत आतील हालचाल टिपणारा सेन्सर यांच्याकडून मुख्य यंत्रणेकडे संदेश जातात. त्यांपैकी एकानेही धोक्याचा संदेश दिला तरी भोंगा वाजतो. म्हणजे भोंग्याचा दोष क्वचितच असतो. खोटी बातमी देणारा पहारेकरी शोधून काढावा लागतो.

सुरुवात बॅटरीपासून

मोटार रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२.२ च्या खाली असेल, तर बॅटरी निम्म्याहून अधिक उतरली आहे असे समजावे. दाब घसरला की काही अलार्म यंत्रणा त्याला छेडछाड समजतात. गारव्यात बॅटरी आणखी मंदावते. त्यामुळे हिवाळ्यात पहाटेच भोंगा वाजत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि सैल झालेली पकड यांमुळेही हाच परिणाम होतो.

बॉनेट आणि दारांचे स्विच

बॉनेटच्या कडेखाली असणारा दट्ट्याचा छोटा स्विच हे नेहमीचे दुखणे आहे. पाणी, धूळ आणि गंज यांनी तो अडकतो. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत हे अधिक लवकर घडते. स्विच स्वच्छ पुसून दट्ट्या सहज वर-खाली होतो का, हे पाहावे. बॉनेट पूर्ण बसले नसेल तरी दट्ट्या पुरेसा दाबला जात नाही.

दारांची परीक्षा याहून सोपी आहे. सर्व दारे लावल्यावरही आतला दिवा जळत राहिला किंवा डॅशबोर्डवर दार उघडे असल्याची खूण दिसली, तर त्या दाराचा स्विच बिघडला आहे. काही मोटारींत तो दाराच्या कुलपातच असतो. ते काम मेकॅनिककडे सोपवावे.

धक्क्याचा सेन्सर

गणेशोत्सवातील ढोल-ताशे, दिवाळीतील फटाके, जवळून जाणारा अवजड ट्रक यांनी भोंगा वाजत असेल, तर सेन्सर फाजील संवेदनशील झाला आहे. बाहेरून बसविलेल्या अनेक अलार्म संचांत डॅशबोर्डखालील लहान डबीवर तो कमी-अधिक करण्याचा स्क्रू असतो. तो एका वेळी किंचितच फिरवावा आणि मोटार लॉक करून तळहाताने खांबावर थाप मारून पाहावे. हलक्या थापेला गप्प राहणे आणि जोरदार धक्क्याला वाजणे, हे योग्य प्रमाण होय. आतील हालचाल टिपणारा सेन्सर असल्यास काचा पूर्ण लावाव्यात आणि आरशाला टांगलेली झुलती शोभेची वस्तू काढून ठेवावी.

उंदीर, पाणी आणि रिमोट

पावसाळ्यात उबेसाठी इंजिनाशेजारी शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात. वायरींच्या सांध्यांत पाणी झिरपूनही खोटे संदेश जातात. अनेक रिमोटवर भोंगा मुद्दाम वाजविण्याचे बटण असते. खिशात किंवा पर्समध्ये ते दाबले गेले, तरी गोंधळ उडतो. दुसरी किल्ली वापरून हा संशय दूर करता येतो.

नोंद ठेवा

भोंगा कधी वाजला, पाऊस होता का, मोटार कोठे उभी होती, हे लिहून ठेवावे. काही संचांत डॅशबोर्डवरील दिवा किती वेळा लुकलुकतो, यावरून कोणता सेन्सर चाळवला गेला ते कळते. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा खरे कारण हाती लागत नाही.

शेजारधर्म आणि सावधगिरी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोटारीचा भोंगा जवळून सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. वृद्ध आणि आजारी शेजाऱ्यांचा विचार करून दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. तरीही वायर तोडणे टाळावे. मोटार वॉरंटीत असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच हात लावू द्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालकाने कंटाळून अलार्म बंद करावा, यासाठी चोर स्वतःच मोटारीला पुन्हा पुन्हा धक्के देऊ शकतो. म्हणून भोंगा दहाव्यांदा वाजला तरी एकदा खाली डोकावून पाहावे.