बर्फातील बिऱ्हाड

सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया या भागाच्या नावात पर्वत आहे. दृष्टीच्या टापूत मात्र एकही डोंगर नाही. हमरस्त्यावरून गावाची वाट जेथे फुटते, तेथील फलकावरून त्या जागेसच पाटिया म्हणण्याचा गुजरातेत प्रघात आहे. जवळच्या लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. अशा सखल व उष्ण प्रदेशातील तरुण प्रथमच हिमालयातील बर्फात मुक्कामास निघाला आणि त्याने सामानाची यादी काढली, की घरातील वडील मंडळी सहज विचारतात, “पूर्वीचे लोक एका घोंगडीवर बद्रीकेदार करून येत, तुला एवढे ओझे कशाला?” हा प्रश्न आम्हांस हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

आपल्या वाचकांस जवळचे असे एक उदाहरण घेऊ. काकासाहेब कालेलकर यांचे मूळ घराणे सावंतवाडीकडील. जन्म १८८५ साली साताऱ्यास, आणि पुढे कीर्ती गुजराती भाषेत. १९१२ साली स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह त्यांनी हिमालयाची यात्रा पायी केली. या यात्रेवरील त्यांचा ‘हिमालयनो प्रवास’ हा ग्रंथ गुजराती साहित्यात मान्यता पावला. तेव्हा हृषीकेशपासून वर मोटारीचा रस्ता नव्हता. तरीही त्या काळचा यात्रेकरू थोडक्या सामानानिशी निघू शके, याचे कारण त्या वाटेच्या व्यवस्थेत होते.

वाटेवर काही मैलांच्या अंतराने चट्ट्या असत. चट्टी म्हणजे दुकान आणि धर्मशाळा यांचा मिलाफ. यात्रेकरूने तेथे पीठ, डाळ, तूप विकत घ्यावे, की स्वयंपाकाची भांडी आणि रात्रीचा निवारा दुकानदाराकडून वेगळे मूल्य न देता मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामी विशुद्धानंद यांनी या मार्गावर धर्मशाळा, अन्नछत्रे व पाणपोया यांची सोय उभी केली. अंगावरील काळ्या कांबळीमुळे लोक त्यांना बाबा काली कमलीवाले म्हणत, आणि संस्थेसही तेच नाव लाभले. ज्यांस चालवत नसे, त्यांच्यासाठी दंडी व कंडी वाहणारे पहाडी मजूर होते. म्हणजे यात्रेकरूचा तंबू, चूल आणि भांडी ही सारी वाटेवरच ठेवलेली होती. त्याची वळकटी हलकी होती; कारण तिचे उरलेले ओझे समाजाने उचलले होते.

दुसरी गोष्ट ऋतूची. ही यात्रा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि दिवाळीनंतर आटोपते. भाऊबीजेस केदारनाथाची द्वारे बंद होतात व उत्सवमूर्ती पालखीतून खाली ऊखीमठास येते. हिवाळाभर पूजा तेथील ओंकारेश्वर मंदिरात चालते. बर्फाच्या दिवसांत जेथून देवही खाली उतरतो, तेथे आजचा तरुण हौसेने वर चढतो. त्या काळात, त्या उंचीवर त्याच्यासाठी चट्टी उघडी नसते. तेव्हा ती चट्टीच त्याने पाठीवर घेतली पाहिजे. त्याच्या ओझ्याचा सारा अर्थ एवढाच आहे.

आता त्या बिऱ्हाडाकडे पाहू. आपल्या घरी सुती वस्त्र धुऊन वाळवल्यावाचून सोवळ्यात चालत नाही. धाबळी किंवा रेशमी मुकटा चालतो. हा नियम शुचितेचा आहे, थंडीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण बर्फातही कापसास वेगळे काढावे लागते, हे लक्षात ठेवण्यास ती खूण उपयोगी पडेल. सुती सदरा घाम पितो, लवकर वाळत नाही आणि ओला झाला की अंगाची ऊब हिरावून नेतो. लोकर ओलसर असूनही बरीच ऊब राखते. म्हणून अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर जाड लोकरी कपडा आणि सर्वांवर वारा व पाणी अडवणारे आवरण, असे तीन थर असावेत. हे आवरण बहुधा नायलॉनचे असते. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेला हा धागा आज सुरतेच्या मागांना चांगलाच परिचित आहे.

निजण्यास उबदार स्लीपिंग बॅग हवीच. पण तिच्याखाली जाड चटई नसेल तर जमीनच अंगातील उष्णता शोषून घेते. बूट दोन मोजे मावतील इतके सैल असावेत, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात. म्हणून काळा चष्मा ही चैन नव्हे. तंबूच्या खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. पिशव्यांत बर्फ भरून त्या पुरतात व दोर त्यांना बांधतात. पिण्याचे पाणीही बर्फ वितळवूनच मिळते, यास्तव स्टोव्ह आणि इंधन मोजून न्यावे. बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये; कोंडलेल्या विषारी वायूने झोपेतच प्राण जातो.

हे शिकवणाऱ्या संस्था आता आहेत. दार्जिलिंगची १९५४ सालची, उत्तरकाशीची १९६५ सालची. आबूस गुजरात सरकारचीही गिर्यारोहण संस्था आहे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, आणि २०१२ साली पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण. अशा मोहिमांचेही पुष्कळसे ओझे शेर्पांच्या पाठीवर असते.

ओझे कधी नाहीसे होत नाही; ते कोणीतरी वाहत असते. अपरिग्रहाच्या नावाखाली जो आपले मोजे घरी ठेवतो, तो मुक्कामावर सोबत्याचे मोजे मागतो. आणि बर्फात सोबत्याजवळही एकाच माणसापुरते असतात. म्हणून निघताना देवापुढे नारळ अवश्य ठेवावा, आणि त्यानंतर पिशवी उघडून मोजे पुन्हा एकदा मोजावेत.