परीक्षेच्या फीपेक्षा स्वस्त लॅब : आयटी सर्टिफिकेशनसाठी घरच्या घरी संगणक कसा उभारावा?

सातपूरच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून दुपारी घरी यायचं, संध्याकाळी नेटवर्किंगचा नाहीतर लिनक्सचा क्लास करायचा आणि वर्षभरात एखादं सर्टिफिकेशन हातात घेऊन कारखान्याच्या आयटी विभागात किंवा बाहेर नोकरी शोधायची, असा बेत आखणारे तरुण श्रमिकनगर-अशोकनगरच्या गल्ल्यांमध्ये नवे नाहीत. आयटीआयमधून कोपा हा संगणकाचा ट्रेड केलेले असतात, डिप्लोमावालेही असतात. क्लासमध्ये सगळं समजतं, पण सरावाला घरी यंत्र नसतं. असलाच तर ४ जीबी रॅमचा एक लॅपटॉप, तोही धाकट्या भावंडाबरोबर वाटून घेतलेला.

मग कुणीतरी सल्ला देतं, "चांगला पीसी असेंबल कर." दुकानातून पन्नास-साठ हजारांचं कोटेशन येतं आणि बेत तिथेच थांबतो. त्या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्ड असतं, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट असतो. सर्टिफिकेशनच्या अभ्यासाला यातलं काहीही लागत नाही.

लॅब म्हणजे नेमकं काय?

एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेले तीन-चार संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एक सर्व्हर, एक-दोन क्लायंट आणि त्यांना जोडणारं नेटवर्क. ते बिघडवायचे, दुरुस्त करायचे, पुसून पुन्हा उभे करायचे. हे काम घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर करायला हात धजत नाही, म्हणून वेगळं यंत्र हवं.

या व्हर्च्युअल मशीनना सगळ्यात जास्त भूक असते रॅमची. लिनक्सचं एक मशीन २ जीबीत चालतं, विंडोज सर्व्हरला ४ जीबी दिले तर काम सुसह्य होतं आणि मूळ संगणकाला स्वतःसाठी ४ जीबी लागतात. एकूण १६ जीबी रॅम असेल तर दोन सर्व्हर आणि एक-दोन लिनक्स मशीन एकाच वेळी चालू ठेवता येतात. ३२ जीबी ही चैन आहे. दुसरी गरज एसएसडीची. एका हार्ड डिस्कवर तीन मशीन एकदम सुरू केली की चहा करून यावं इतका वेळ जातो.

जुना ऑफिस डेस्कटॉप आत्ताच का घ्यावा?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, चालू स्थितीतले ऑफिस डेस्कटॉप कंपन्यांच्या दृष्टीने एकदम जुने झाले. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. लिनक्स आणि व्हर्च्युअल मशीनसाठी मात्र ही यंत्रं उत्तम आहेत. चार कोअरचा आय-५, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असा डबा जुन्या बाजारात साधारण दहा-पंधरा हजारांत बसतो. नाशिकच्या दुकानांत हवं ते मॉडेल नसेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. मॉनिटर घरचा टीव्हीही चालतो, फक्त केबल जुळते का ते आधी पाहावं.

एक बदल मात्र लक्षात घ्यायला हवा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. "आता ८ जीबीचा घेऊ, पुढे वाढवू" हा हिशोब त्यामुळे महागात पडू शकतो. आधीच १६ जीबी बसवलेलं यंत्र शोधलेलं बरं.

आणखी जुनं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं यंत्र पाच हजारांत मिळालं तरी मोह टाळावा. मे २०२५ मध्ये आलेली रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ही आवृत्ती चौथ्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर चालतच नाही. एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना त्या प्रोसेसरना समजत नाहीत. त्या काळातल्या पेंटियम-सेलेरॉनचीही तीच गत आहे. आय-५ असा स्टिकर बाहेर असतो आणि आत पेंटियम निघतो, असंही घडतं, तेव्हा स्टिकरवर न जाता यंत्र सुरू करून प्रोसेसरचं नाव पडद्यावर वाचावं.

दुकानातच तपासायच्या गोष्टी

बायोस उघडून पाहावा. त्याला आधीच्या कंपनीचा पासवर्ड असेल तर यंत्र परत ठेवावं. तिथेच व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीटी-एक्स, चालू करता येतं की नाही हे पाहावं. बऱ्याचदा ते बंद ठेवलेलं असतं आणि घरी आल्यावर "६४ बिटचं मशीन दिसतच नाही" म्हणून माणूस रात्रभर डोकं खाजवतो.

दुसरी गोष्ट एसएमपीएसची. ब्रँडेड यंत्रांचा पॉवर सप्लाय आणि त्याचा जोड अनेकदा कंपनीचा खास असतो. तो जळाला तर गल्लीतल्या दुकानातला साधा एसएमपीएस बसत नाही. शक्यतो जास्त खपलेलं मॉडेल घ्यावं, म्हणजे सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा.

सर्व्हर म्हणून विकले जाणारे जुने रॅकचे डबे स्वस्त दिसतात, पण त्यांचे पंखे मिक्सरसारखे ओरडतात. दोन खोल्यांच्या घरात कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल, तर तो डबा आठवडाभरात माळ्यावर जाईल.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत

संगणक घरात इतरांनाही वापरायचा असेल तर त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून व्हर्च्युअलबॉक्स बसवावा. प्रॉक्समॉक्स जास्त ताकदीचं आहे आणि तेही मोफत आहे, पण ते संपूर्ण यंत्राचा ताबा घेतं आणि दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालवावं लागतं. घरात दुसरा संगणक नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देते. अभ्यासाला तेवढे दिवस पुरतात, चोरीची कॉपी टाकायचं कारण उरत नाही. रेड हॅटची वैयक्तिक डेव्हलपर सदस्यता मोफत असून ती १६ मशीनपर्यंत चालते. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवरही तोच सराव होतो. सीसीएनएसाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसर मोफत खातं उघडून मिळतो आणि तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. फक्त सीसीएनएच करायचं असेल तर नव्या यंत्रावर खर्च करण्याआधी पॅकेट ट्रेसर पुरतो का ते पाहावं. बहुतेक विषयांना पुरतो.

डाउनलोडचा विचार आधी करावा. लिनक्सची पूर्ण डीव्हीडी फाइल १० जीबीच्या आसपास असते आणि मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा तिच्यापुढे टिकत नाही. अल्मालिनक्सची मिनिमल फाइल २ जीबीच्या आसपास येते.

घरच्यांचा वाय-फाय वाचवा

नवशिक्यांकडून नेहमी होणारी एक चूक आहे. लॅबमध्ये डीएचसीपी सर्व्हर उभा करताना व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क "ब्रिज्ड" राहतं. मग घरातल्या मोबाइलना आणि टीव्हीला लॅबमधले पत्ते मिळू लागतात, इंटरनेट बंद पडतं आणि आईची मालिका मध्येच थांबते. डीएचसीपीचा सराव "इंटरनल नेटवर्क" या पर्यायावरच करावा.

विजेचा खर्च वाटतो तितका नसतो. यंत्र सरासरी ४० वॅट ओढतं असं धरलं, तर रोज तीन तासांप्रमाणे महिन्याला ३.६ युनिट होतात. तेच दिवसरात्र चालू ठेवलं तर जवळजवळ २९ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, तेव्हा काठावर असलेल्या घराला हा फरक जाणवतो. वीज अचानक गेली तर व्हर्च्युअल डिस्क खराब होऊ शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण "यूपीएस" मोडवर आहे ना, हे पाहावं. नसेल तर छोटा यूपीएस घ्यावा.

पैसे कुठे वाचतात?

सीसीएनएची फी ३०० डॉलर आहे, म्हणजे कर धरण्याआधीच पंचवीस हजारांच्या वर. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. कामगाराच्या घरात ही दुसरी फी म्हणजे बहुधा त्या वर्षापुरता विषय संपला. दहा-पंधरा हजारांचं यंत्र या धोक्याशी तोलून पाहावं. कॉम्पटिया ए-प्लससाठी तर तो जुना डबाच अभ्यासाचं साहित्य आहे. तो उघडायचा, रॅम काढून पुन्हा बसवायची, केबल ओळखायच्या.

रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. समोर चालू मशीन असतं, कामं करून दाखवायची असतात, इंटरनेट नसतं, फक्त मशीनमधली मॅन पानं असतात. केलेली मांडणी रीबूटनंतर टिकली नाही तर तिचे गुण मिळत नाहीत.

म्हणून घरच्या लॅबमधला पहिला सराव असा ठरवता येतो : नवं लिनक्स मशीन बसवायचं, स्नॅपशॉट घ्यायचा, दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडून तिचं पार्टिशन कायमचं माउंट करायचं आणि रीबूट करायचं. एफएसटॅब फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं. तिथून ते स्वतः बाहेर काढायचं, नाहीच जमलं तर स्नॅपशॉटवर परतायचं आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर वही न उघडता तेच पुन्हा करायचं.