अस्सल कोणते, नक्कल कोणती?

कोर्टाच्या पायऱ्या झिजविलेल्या माणसास अस्सल आणि नक्कल ह्यांमधील अंतर समजावून सांगावे लागत नाही. देवस्थानाच्या इनामाचा तंटा असो वा पूजेच्या वहिवाटीचा, अस्सल सनद कोणापाशी आहे, हाच प्रश्न प्रथम पुढे येतो. नक्कल कितीही सुबक असली तरी ती नक्कलच. ह्या समजुतीवर आम्ही इतकी वर्षे वकिली केली. म्हणूनच सजीवाच्या पेशीत अहोरात्र चाललेल्या नकलेच्या कामाचा शोध कसा लागला, हे वाचताना आम्हांस प्रथम मौज वाटली आणि नंतर थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्या दरबारात आमचा पहिलाच प्रश्न गैरलागू ठरतो.

एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा आतील गुणसूत्रे उभी दुभंगतात आणि दोहीं बाजूंस सारखी वाटली जातात, हे जर्मनीतील किएल येथे वाल्टर फ्लेमिंग ह्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून १८८२ साली ग्रंथरूपाने मांडले होते. वाटणी दिसली, परंतु वाटणीपूर्वी दुप्पट होते ती कशी, हे कोणास ठाऊक नव्हते. ह्या प्रश्नास हात घालता येईल अशी वस्तू सत्तर वर्षांनी सापडली. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' पत्रात केंब्रिजच्या वॉटसन आणि क्रिक ह्यांनी डी. एन. ए. ची रचना प्रसिद्ध केली. एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन साखळ्या. एकीवर ॲडेनीन असेल तेथे दुसरीवर थायमीन, आणि ग्वानीनच्या समोर सायटोसीन. एक साखळी हाती असली की दुसरी बिनचूक लिहून काढता येते. तेव्हा दोन्ही साखळ्या सुट्या व्हाव्यात आणि प्रत्येकीने आपली नवी जोडीदारीण घडवावी, असा तर्क त्यांनी मे महिन्यातील दुसऱ्या लेखात विस्ताराने मांडला.

तर्कच तो, पुरावा नव्हे. रचनेपुरता पुरावा मात्र होता, आणि त्यातला मोलाचा भाग लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझालिंड फ्रँकलिन ह्या विदुषींचा होता. त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग ह्यांनी मे १९५२ मध्ये घेतलेले क्ष-किरण छायाचित्र जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स ह्यांनी वॉटसनना दाखविले. फ्रँकलिनबाईंना ह्याची वार्ता नव्हती. त्यांचा स्वतःचा लेख 'नेचर'च्या त्याच अंकात आला खरा, पण वाचणाऱ्यास तो दुसऱ्यांच्या सिद्धान्तास दिलेल्या दुजोऱ्यासारखा वाटावा अशा जागी. एका पक्षाचा दस्तऐवज त्याच्या नकळत दुसऱ्याच्या हाती पडला तर आम्ही वकीलमंडळी केवढा गहजब करतो! १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स ह्यांस मिळाले तेव्हा बाई हयात नव्हत्या. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या होत्या.

नकलेच्या तर्कास खरा हरकतदार भेटला तो कॅलिफोर्नियात, पॅसाडेना येथे. मॅक्स डेलब्रुक ह्यांचा आक्षेप साधा पण अडचणीचा होता. दर दहा जोड्यांस एक वेढा. एका क्षुद्र जंतूच्या डी. एन. ए. त सेहेचाळीस लाखांच्या आसपास जोड्या, म्हणजे वेढे चार लाखांवर. जंतू तर तासाच्या आत दुभागतो. तेवढ्या वेळात हा पीळ उलगडणार कसा? त्यापेक्षा साखळ्या जागोजाग तुटून जुने-नवे तुकडे मिसळत असावेत, असे त्यांचे म्हणणे. तिसरा एक पक्षही संभवत होता. जुनी जोडी अखंड राहावी आणि शेजारी संपूर्ण नवी जोडी तयार व्हावी. आमच्या नक्कलखान्याची रीत हीच.

तीन पक्ष, आणि साक्षीदार एकही नाही. तो उभा केला मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल ह्या पंचविशी ओलांडलेल्या दोघा तरुणांनी. युक्ती अशी की जुन्या कागदास वजनाची खूण करावयाची. नत्राचा एक प्रकार नेहमीच्या नत्राहून जड असतो. ई. कोलाय हे जंतू त्यांनी चौदा पिढ्या केवळ जड नत्रावर पोसले, आणि मग एकाएकी साध्या नत्रावर आणले. पुढे वेळोवेळी त्यांतील डी. एन. ए. काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावात घातला आणि तो द्राव मिनिटास ४४,७७० फेरे ह्या वेगाने वीस तास फिरविला. अशा फेऱ्यात द्राव तळाशी दाट व वर विरळ होतो, आणि डी. एन. ए. आपल्या घनतेच्या थरात पट्टा धरून राहतो. जड आणि हलक्या पट्ट्यांच्या घनतेत फरक दर घनसेंटिमीटरास ०.०१४ ग्रॅम एवढाच. पण तो छायाचित्रात स्वच्छ उतरला.

एका पिढीनंतर जड पट्टा नाहीसा झाला आणि बरोबर मध्यावर एकच पट्टा उमटला. नक्कलखान्याचा पक्ष तेथेच निकालात निघाला, कारण अस्सल अखंड राहिले असते तर जड पट्टा दिसावयास हवा होता. दुसऱ्या पिढीनंतर अर्धा भाग मध्यावर व अर्धा हलक्या जागी आला. तुकड्यांची मिसळ असती तर सारे एकाच पट्ट्यात हलके हलके वर सरकले असते. मधला डी. एन. ए. तापविला तेव्हा त्याचे एक जड व एक हलके असे दोन घटक सुटे झाले. आम्हांस कौतुक वाटते ते ह्याचे, की हे दोन घटक म्हणजे वॉटसन-क्रिकच्या दोन साखळ्याच, असे ठाम विधान त्या दोघांनी केले नाही. पुरावा जेथवर जातो तेथेच ते थांबले. हा लेख १४ मे १९५८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेकडे पाठविला तो स्वतः डेलब्रुक ह्यांनी. आपल्याविरुद्धचा निकाल आपल्याच हाताने दाखल करणारा प्रतिपक्षी आमच्या पाहण्यात तरी नाही.

त्यांची हरकत मात्र पोकळ नव्हती. साखळी कापून पीळ सैल करणारे आणि पुन्हा सांधणारे द्रव्य जेम्स वांग ह्यांनी १९७१ साली जंतूंतच दाखविले, तेव्हा कोठे तिचे खरे उत्तर मिळू लागले.

अशा रीतीने प्रत्येक नव्या जोडीत एक साखळी जुनी आणि एक नवी. कोणत्याही जोडीस उद्देशून ही अस्सल आणि ही नक्कल, असे म्हणता येत नाही. पहिल्या जड साखळ्या मात्र कोठे जात नाहीत. संतती वाढत गेली तरी त्या तेवढ्याच राहतात, एकेका नव्या जोडीदारणीसह. मेसेलसन-स्टाल ह्यांच्या छायाचित्रांच्या मालिकेत चौथ्या पिढीपर्यंत उतरत जावे. हलका पट्टा दाट होत जातो, मधला फिकटतो, पण आपल्या जागेवरून हलत नाही.